तुझ्या वाट्याची माफी

वहिनी, तुझी तेरवी करायची की नाही, यावरून घरात मोठी बोलाचाली झाली. थोरल्या काकूचं म्हणणं, तेरवी केली नाही तर जीव भटकते. तुझ्या प्रार्थनेतल्या मंडळींचं म्हणणं, ती कशाला भटकते, ती तर पोचली. आणि तुझा लेक महेश दोघांच्या मधे मान खाली घालून बसलेला. शेवटी त्यानंच ठरवलं. गावाला जेवण घालायचं, जेवणाआधी तुझ्या दवाखान्यातल्या रत्नम्मा सिस्टरनं प्रार्थना करायची, आणि ज्याला जे म्हणायचं ते त्यानं आपल्या मनात म्हणायचं. काल ते झालं. काकूनं तुझ्या फोटोसमोर पान वाढलं, सिस्टरनं त्याच फोटोसमोर डोळे मिटले, कोणी कोणाला अडवलं नाही. वांग्याची भाजी मात्र फिकी झाली होती. तू असतीस तर आचाऱ्याच्या हातातून पळी काढून घेतली असतीस.

पाहुणे गेले. महेश झोपलाय. मी सावली गावी परत जायला निघणार होते, शाळेत शिकवायचं आहे, पण पाय निघत नाही. तुझ्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलंय.

तू या घरात आलीस तेव्हा मी शाळेत जाणारी पोर होते. परसादादाची बायको म्हणून तुला कौतुकानं बघायला गेले, तर तू माझ्या डोक्यातल्या उवा बघून म्हणालीस, "पोरीच्या डोक्यात जंगल हाय का गावात?" आणि लग्नाच्या हळदीच्या हातांनी तिथंच मला पुढ्यात घेऊन बसलीस. आईला वाटलं, सून मोठ्या तोंडाची मिळाली. खरंच होतं ते. तुझा आवाज तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायचा. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बायका बांधीतल्या चिखलात वाकल्या की गाणं तू उचलायचीस आणि बाकीच्या मागून ओढायच्या. तुझा रागही तसाच होता. दादा हसत म्हणायचा, "सिंधूले राग आला की कोंबड्याबी खुराड्यात जातेत."

दादा आणि मुखरूभाऊ हे एका ताटातले. शेजारी शेजारी धानाच्या बांध्या, मधल्या एकाच धुऱ्यावर दोघांची न्याहारी. त्या वर्षी धान निसवलं आणि रानडुकरांनी धुमाकूळ घातला. सकाळी जाऊन बघावं तर अर्धी बांधी लोळवलेली. मुखरूभाऊनं विजेच्या लाईनवर आकडा टाकला आणि आपल्या बांधीभोवती जिवंत तार फिरवली. संध्याकाळी लावायची, पहाटे काढायची. सगळेच करत होते, वहिनी. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी मुखरूभाऊच्या अंगात ताप होता. पहाटे त्याला जाग आली नाही. दादा उजाडता उजाडता बांधीतलं पाणी सोडायला गेला.

ओरडत गावात आला तो मुखरूभाऊच. त्यानं काही लपवलं नाही. पोलिसांसमोर, सगळ्या गावासमोर छाती बडवून सांगितलं, "मीनंच मारलो माया परसाले." त्याला नेलं, पुढं सजा झाली. गावातले लोक हळू आवाजात म्हणायचे, त्यानं मुद्दाम थोडंच केलं. माझ्यासमोर कोणी म्हणत नसे. आणि तुझ्यासमोर तर कोणाची छातीच नव्हती.

कारण तू रोज सकाळी चुलीतली राख सुपात घ्यायचीस आणि मुखरूभाऊच्या दारात जाऊन उडवायचीस. त्याची बायको कौसाबाई आणि तिची पोर आतून कडी लावून बसायच्या. तू काय काय बोलायचीस ते मला आजही इथं लिहवत नाही. तुझा निर्वंश होवो, हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. मी सुट्टीत घरी आले की तुझ्याबरोबर जायचे आणि मागं उभी राहायचे. मला बरं वाटायचं. माझ्या तोंडातून जे निघत नव्हतं ते तू बोलत होतीस.

पण तू वाळत चाललीस. जेवण उतरेना, केसांचे पुंजके हातात यायचे, डोकं इतकं दुखायचं की कपाळाला फडकं आवळून बसायचीस. सिंदेवाहीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुण येईना. तेव्हा कोणीतरी मला सांगितलं की वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या वाटेवर मिशनचा एक लहानसा दवाखाना आहे, तिथली नर्स चांगली आहे. मीच तुला घेऊन गेले. पुढं गावात बायका म्हणायच्या, सिंधूला कोणीतरी फूस लावून नेलं. नेलं ते मी, एसटीनं, तुझी मान माझ्या खांद्यावर टेकवून.

रत्नम्मा सिस्टर सिरोंच्याकडची. तेलुगूच्या हेलातलं तिचं मराठी ऐकून तू आधी तोंड वाकडं केलंस. तिनं नाडी बघितली, डोळे बघितले आणि विचारलं, "अम्मा, तू रडली का?"

"रडून का होते?" तू म्हणालीस. "तो मेला. मारणाऱ्याचं घर उभं हाय."

"ते नंतर. रडली का ते सांग."

तू कपाळाचं फडकं आणखी आवळलंस. मला तेव्हा कळलं की दादा गेल्यापासून तू एकदाही रडली नव्हतीस. शिव्या दिल्या, राख उडवली, छाती पिटली, पण डोळ्यातून पाणी नाही. सिस्टरनं तुझा हात तसाच धरून ठेवला. बाहेर रांग वाढत होती, एक म्हातारा दारातून दोनदा डोकावून गेला, पण ती उठली नाही. आणि मग तू जी रडलीस, वहिनी! तो म्हातारा घाबरून पळाला.

तिनं तुला देवाचं एक अक्षर सांगितलं नाही त्या दिवशी. एवढंच म्हणाली की दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांसाठी स्वयंपाकाला बाई हवी आहे. महेशला आईपाशी ठेवून तू तिथं राहायला लागलीस आणि शनिवारी घरी येऊन रविवारी पहाटे परतायला लागलीस. मोठमोठ्या गंजात भात शिजवायचा, कुणाला पेज, कुणाला वरण. रविवारी टिनाच्या छपराखाली दहा-बारा माणसं प्रार्थनेला बसायची. तू भाजी निवडत कोपऱ्यात बसायचीस, ऐकून न ऐकल्यासारखं.

एका शनिवारी तू आलीस ती फणफणत. मी ओट्यावर वह्या तपासत होते. माझ्यासमोर मांडी घालून बसलीस.

"नलू, तुले येशूची गोष्ट माहीत हाय का? त्याले लाकडावर ठोकलं थे?"

"माहीत हाय. कावून?"

"लोक त्याच्या हातात खिळे ठोकून राह्यले, आन हा वरून म्हणते, बाप्पा, यायले माफ कर. असा कसा देव? येडा हाय का तो? मी तं म्हटलं सिस्टरले, माया हातात खिळा ठोकला असता तं मी त्याचं नरडं धरली असती."

"मंग सिस्टर का म्हणाली?"

"हासली. म्हणते, मीबी तेच केली असती, अम्मा."

दोघी हसलो. खूप दिवसांनी. पण ती गोष्ट तुला सोडेना. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तीच. तू त्या देवाशी भांडत होतीस, जशी पाण्यावरून शेजारणीशी भांडावं. मला वाटलं, भांडून भांडून सोडून देशील. ज्याच्याशी तू भांडायचीस त्याला तू कधी सोडत नसायचीस, हे मला कळायला हवं होतं.

कधी काय झालं, कोणत्या दिवशी, ते तूही मला कधी सांगू शकली नाहीस. एवढंच म्हणालीस की एकदा भाताचा गंज उतरवता उतरवता तुझ्या ध्यानात आलं, आज सकाळपासून मुखरूचं नाव मनात आलं नाही. तू तिथंच थांबलीस. चुलीपाशी. "मले वाटलं, नलू, डोक्यावरचा भारा कोणी उतरून घेतला. मी मागं पाह्यली, कोन हाय म्हणून. कोणी नव्हतं. पण होतं."

त्यानंतर घरी आलीस तरी तू राख घेऊन गेली नाहीस. कौसाबाई काही दिवस कडी लावूनच बसत होती.

आता आपल्या भांडणाकडे येते.

रोवण्याचे दिवस होते, तू दवाखान्यातून सुट्टी घेऊन घरी आलेलीस. मुखरूभाऊ तुरुंगात. कौसाबाईची बांधी चिखलणी होऊन तयार, पऱ्ह्यांची कोवळी रोपं उपटून ठेवलेली, पण रोवायला एक बाई येईना. तिच्यावर रोष होता म्हणून नव्हे. सगळ्या बायकांना भीती तुझी होती, की सिंधूला कळलं तर आपल्याही दारात राख येईल. माय-लेकी दोघीच वाकून रोवत होत्या, आणि पऱ्हे उन्हानं माना टाकत होते.

मी रविवारी आले तर आई ओट्यावर बसलेली. "वयनी कुठी हाय?" विचारलं तर तिनं नुसता बांधीच्या दिशेनं हात केला. मी धुऱ्यावर जाऊन बघते तर तू मुखरूभाऊच्या बांधीत. लुगडं खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात पऱ्ह्याची जुडी. कौसाबाई तुझ्यापासून थोड्या अंतरावर, रोवते आहे आणि रडते आहे. जिथं दादा पडला होता तो कोपरा तुझ्या पाठीशी होता. आणि तुझ्या मागून एकेक करत गावातल्या बायका बांधीत उतरत होत्या.

मी तिथूनच ओरडले. "वयनी, बाहेर ये!"

"ओळ झाली का येतो."

"तू कोनाची बायको होतीस, थे तरी ध्यानात हाय का?"

सगळ्या बायका थांबल्या. तू ओळ पुरी केलीस, मगच आलीस. हात पदराला पुसले नाहीस, तसेच चिखलाचे हात घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. मी काय काय म्हणाले ते तुला आठवत असेल. म्हणाले की तुझा तो नवरा होता, पण माझा भाऊ होता, रक्ताचा. नवरा गेला तर बाईला देव मिळतो, भाऊ गेला तर बहिणीला काय मिळतं? त्याला मारणाऱ्याला माफ करायचा हक्क तुला एकटीला कोणी दिला?

तू रागावशील असं वाटलं. मला ते हवंच होतं. पण तू हळू आवाजात बोललीस, आणि तुझा तो हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तुया वाट्याचं मी माफ नाई केली, नलू. मले करताबी येत नाई. मी माया वाट्याचं केली. तुया वाट्याचं तुयापाशी हाय. तुले ठेवाचं तं ठेव."

मी काही बोलायच्या आत तू आणखी एक गोष्ट सांगितलीस. तार दोघांनी मिळून आणली होती. सिंदेवाहीच्या बाजारातून, एकाच दिवशी, एकाच सायकलवर. मुखरूभाऊनं आपली लावली. दादाला धानाच्या कामातून सवड झाली नाही, म्हणून आपली राहिली. "माळ्यावर हाय अजून. पाहाची असल तं पाय. आपली लागली असती आन मुखरूची पोर मेली असती तं, कौसाबाईनं आपल्या दारात राख उडवली असती. मंग मी का म्हटली असती? परसा खुनी हाय म्हटली असती का?"

मी माळ्यावर चढले नाही. त्याच दिवशी एसटी पकडून सावलीला गेले. बरेच महिने घरी आले नाही. तुझं म्हणणं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खरं कळलं म्हणून दुःख कमी होतं असं कुठं असतं? उलट मला वाटलं, राग धरायला जो एक खुंटा होता तोही तू उपटून नेलास.

तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा गावात बैठक बसली. कोणी म्हणालं, आता नाव बदलणार. तू बैठकीत उभी राहून म्हणालीस, "सिंधूच राहीन. नाव बदलवली तं देव हाक मारन कोनाले?" लोक हसले आणि निम्मी बैठक तिथंच मोडली. आईचे लोकांनी खूप कान भरले. आई म्हणाली, "सून जेवून राह्यली, झोपून राह्यली, हासून राह्यली. आता तिनं कोनाले हात जोडाचे थे तिचं तिले माहीत." पोळ्याला तू पूर्वीसारखीच बैलांना पुरणपोळी भरवलीस. तुझ्या मंडळीतल्या कुणी तरी टोकलं तर म्हणालीस, "बैलाचे उपकार येशूलेबी माहीत असतीन."

शांती मिळाली म्हणजे तू गाय झालीस असं नाही. हापशी बंद पडली की ग्रामपंचायतीत तुझाच आवाज. प्रार्थनेचं आमेन म्हणता म्हणता ओसरीत घुसलेल्या कुत्र्याला हाकलायचीस. पण त्या आवाजाखाली काहीतरी बदललं होतं. पूर्वी तू भांडून आलीस की दिवसभर घरात कोणी तुझ्या वाऱ्याला उभं राहत नसे. आता भांडून यायचीस, पाणी प्यायचीस आणि विचारायचीस, "चहा ठेवू का?"

मुखरूभाऊ सुटून आला. घराबाहेर पडेना. तू त्याच्या घरी जाण्याआधी दिवसभर जेवली नाहीस, महेशनं सांगितलं मला. संध्याकाळी गेलीस. त्यानं तुझ्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा तू मागं सरलीस. "माया पायावर नोको, भाऊ. उठा. जेवले का?" एवढंच बोललीस. घरी येऊन मात्र अंगावर गोधडी घेऊन पडलीस आणि दोन दिवस उठली नाहीस. मी आल्यावर जरा कडवट होऊनच विचारलं, "माफ केली होतीस ना? मंग?"

"एक डाव करून होते का थे? भांडी हायेत, नलू. आज घासली तं उद्या पुन्हा खरकटी. तो दिसला का पुन्हा घासा लागते."

हे मात्र मला पटलं होतं. तुला सांगितलं नाही.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. चंद्रपूर झालं, नागपूर झालं. तूच म्हणालीस, आता घरी न्या. शेवटच्या आठवड्यात मी रजा टाकून तुझ्यापाशी होते. दुपारची वेळ, तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, मी पायाला तेल लावत होते. मला खूप दिवस विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. "वयनी, खरं सांग. तुले खरंच शांती हाय, का आमाले दाखवतेस?"

तू भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिलीस.

"भेव लागते, नलू," तू म्हणालीस. "लय भेव लागते. रात झाली का जास्त. पण भेवाच्या खाली कोणीतरी बसून हाय असं वाटते. मी पडली तं त्याच्या मांडीत पडन." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "तेल वाया नोको घालवू. पोळीले लागन."

तुझ्या त्या देवाबद्दल मी बरंच ऐकलं, पण माझा त्याच्यावर विश्वास बसला तो त्या एका वाक्यापुरता. तेवढ्या दुपारपुरता. हे तुला सांगायचं राहिलं. आणि हेही, की तुझ्यावर रागावून सावलीला गेले त्या महिन्यांत मी रोज संध्याकाळी एसटी स्टँडकडे बघायचे, तू येतेस का म्हणून.

तुला माती दिली ती तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडांच्या कडेला. गावानं जागा द्यायला कुरकूर केली नाही. खोदायला गावातलीच माणसं होती. सिस्टर प्रार्थना म्हणत होती, थोरली काकू तिच्या पद्धतीनं हळदकुंकू टाकत होती. मुखरूभाऊ लांब, पाळीवर उभा होता. आता म्हातारा झालाय, गुडघे गेलेत. सगळ्यांनी माती दिली, तरी तो खाली येईना. लोक माझ्याकडे बघत होते. तू नव्हतीस, तेव्हा त्याला बोलवायचं की नाही हे आता मीच सांगणार, असं त्यांना वाटत असावं.

मी चढून त्याच्यापाशी गेले. एवढ्या वर्षांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. "चाला भाऊ," मी म्हटलं, "माती द्या तिले."

तो आला. मूठभर माती घेतली, पण हातातून सुटेना, मूठ उघडेना. सिस्टरनं त्याच्या मनगटाला हात लावला तेव्हा सुटली.

नंतर सगळे हात-पाय धुवायला तलावावर गेले. पाणी आटून काठाला चिखल झाला होता. लोक धुऊन वर गेले. मुखरूभाऊ एकटाच काठावर खोळंबला होता, त्याला उतरता येईना. मी हात पुढं केला. त्यानं तो धरला आणि तिथंच थांबला.

"नलू बाई," तो म्हणाला, "तुले राग नाई का माया?"

"हाय," मी म्हटलं. "पाय जपून ठेवा. इथी गाळ हाय."

सध्या एवढंच जमलं, वहिनी. पण त्यानं हात-पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि काठावर कोरडी जमीन लागेपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.